हात न लावणारे नरसिंगराव

नरसिंगरावसाहेबांनी पोलीस खात्यातल्या उभ्या नोकरीत कुणाला मारलं नाही. हे मी त्यांच्या कौतुकासाठी लिहीत नाही. ते खरं आहे, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते. मी त्यांच्या हाताखाली हुमनाबादच्या सर्कल कचेरीत कारकून म्हणून लागलो, पुढे बिदरला आणि शेवटी गुलबर्ग्याला त्यांच्याच कचेरीत होतो. एवढ्या वर्षांत त्यांचा हात कुणाच्या अंगावर उठलेला मी पाहिला नाही. काही गोष्टी मी पाहिलेल्या आहेत, काही ऐकलेल्या. खाली जिथे ऐकलेलं आहे तिथे तसं म्हटलं आहे.

अंगानं ते किरकोळ होते. उंची खात्यात घेतात तेवढीच, काठावरची. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गुंतवून चालायचे. नखं स्वच्छ, मिशी बारीक, आवाज इतका हळू की समोरच्याला मान पुढे करावी लागे. ठाण्यात येणाऱ्या म्हाताऱ्याला ‘अप्पा’, बाईला ‘अक्का’, व्यापाऱ्याला ‘अण्णा’ म्हणायचं, असा त्यांचा शिपायांना हुकूम होता. एका शिपायानं लमाण तांड्यावरच्या म्हातारीला ‘ए’ म्हटलं, तर त्याला त्यांनी तिच्या तांड्यापर्यंत तिचं गाठोडं डोक्यावर देऊन पाठवलं. लोक म्हणायचे, साहेब मोठ्या मनाचे आहेत. माझी बायको अजूनही तसंच म्हणते.

नोकरीला ते निजामाच्या काळात लागले, अमीन म्हणजे फौजदार म्हणून. तेव्हा गुलबर्ग्याला एक इंग्रज मोहतमीम होता, म्हणजे आताच्या भाषेत एस.पी. त्या साहेबाच्या गोष्टी नरसिंगराव फार मनापासून सांगायचे. एकदा एका जमादारानं कोठडीतल्या माणसाला वेतानं फोडलं. इंग्रज साहेबानं त्या माणसाचा सदरा वर करून पाठ पाहिली, आणि जमादाराला तिथल्या तिथे नोकरीवरून काढलं. मग ह्या तरुण अमिनाला जवळ बोलावून म्हणाला, “पाठ साक्ष देते. आणि ती कुणाचं नाव घेते, ते बघायचं असतं.”

दुसरा कुणी ह्यातून दया शिकला असता. नरसिंगराव काय शिकले ते मला हळ्ळीखेडला कळलं.

हळ्ळीखेडला दोन भावांचं किराणा दुकान होतं. बसवण्णांना मानणारं घर. गल्ल्यावर कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. थोरल्यानं सरकारला घालायची लेव्हीची ज्वारी भिंतीआड दडवली होती. पंचनामा झाला, पोती निघाली. थोरला घाम पुसत म्हणाला, साहेब, काय असंल ते मिटवा. नरसिंगरावांनी धाकट्याला पुढे बोलावलं.

“अण्णा, तुमी मोठे,” ते थोरल्याला म्हणाले, “मी तुमाला काय बोलावं? तुमच्या धाकट्यानं तुमचा कान धरला, ह्या पेठेत, तर सरकारला पुढं तरास न्हाई.”

लोक हसले. धाकटाही आधी हसला. साहेब हसत नाहीत हे लक्षात आल्यावर त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, असं कसं करू, त्यानं मला खांद्यावर खेळवलंय. साहेब म्हणाले, खांदा न्हाई, कान. शेवटी त्यानं धरला. नुसता धरला, पिळलासुद्धा नाही. केस मिटली, ज्वारी सरकारजमा झाली. वर्षाच्या आत त्या दुकानाच्या मधोमध भिंत उभी राहिली, आणि दोन्ही घरांच्या बायकांनी एका आडावर पाणी भरायचं सोडलं. मी हे साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “भिंत कुणी बांधली? त्यांनीच ना?”

ही त्यांची पद्धत. गुन्हेगाराला घरच्या माणसाचा हात. नवऱ्याला सासऱ्याचा, भाच्याला मामाचा, पोराला बापाचा. त्यांच्या सर्कलमधून पोलिसांच्या मारहाणीची एकही तक्रार वर गेली नाही, आणि वरचे अधिकारी हा आकडा दुसऱ्या सर्कलवाल्यांना दाखवायचे. आकडा बरोबरच होता. मी स्वतः तो जुळवून पाठवत असे. फक्त त्यात काय मोजलं जात नव्हतं, हे विचारायची खात्यात रीत नव्हती.

राजेश्वरची गोष्ट मी पाहिलेली आहे.

राजेश्वर हमरस्त्यावरचं मोठं गाव. तिथे लिंबाजी नावाचा माणूस होता. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून त्यानं गावची मेलेली जनावरं ओढणं बंद केलं होतं, आणि आपल्या गल्लीतल्या बाकीच्यांनाही बंद करायला लावलं होतं. शेतात मजुरी करायचा, दुसऱ्याची दोन एकर बटाईनं करायचा. त्याचा मुलगा प्रल्हाद मॅट्रिक झाला होता, आणि रेल्वेत त्याची निवड झाली होती. डॉक्टरी तपासणी तेवढी बाकी होती. त्या गल्लीतला तो पहिलाच पोरगा, ज्याला पगार मिळणार होता. लिंबाजी ही गोष्ट रस्त्यानं जाणाऱ्यालाही सांगायचा.

गावच्या मोठ्या शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या इंजिनाचे पितळी भाग चोरीला गेले. शेतकऱ्यानं प्रल्हादचं नाव सांगितलं. पुरावा एवढाच की पोरगं शिकलेलं आहे, त्याला इंजिन खोलता येत असेल. आणि जनावरं पडून कुजायला लागल्याचा राग गावात होताच.

नरसिंगराव चावडीत आले. मी लिहायला बरोबर होतो. गाव जमलं होतं. प्रल्हाद खांबापाशी उभा, पांढरा स्वच्छ सदरा, हात मोकळे. लिंबाजी पायरीखाली उभा होता. त्या चावडीत त्याच्या गल्लीतलं कुणी कधी पायरी चढलेलं नव्हतं.

साहेबांनी खुर्ची मागवली. “लिंबाजीअप्पा, वर या. बसा.”

लिंबाजी चढला. खुर्चीच्या अगदी कडेला बसला. गावातली मोठी माणसं उभी आणि तो बसलेला, असं पहिल्यांदा झालं होतं. कुणीतरी मागून म्हणालं, आता चहा बी मागवा. साहेबांनी मान वळवून फक्त पाहिलं, आणि तो माणूस गप्प झाला. मला त्या क्षणी साहेबांचा अभिमान वाटला, हे नोंदवून ठेवतो.

मग ते लिंबाजीकडे वाकले आणि हळू बोलायला लागले. मी हाताच्या अंतरावर होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“अप्पा, तुमच्या पंचशीलात चोरी करू नये म्हणत्यात ना?”

“व्हय साहेब. पण त्यानं केली न्हाई.”

“मी कुठं म्हणलो केली? पण बगा, मी ह्याला ठाण्यात नेलं की कागद होतो. कागद झाला की रेल्वेवाले विचारत्यात. मग पोराचं काय व्हईल ते तुमी जाणता. आणि न्हाई नेलं तर हे गाव उद्या तुमच्या गल्लीत येतंय. मला दोनी नको वाटायलंय.” ते थांबले. “तुमी बाप. चार माणसांत दोन लावा. गावाचं समाधान व्हईल. मी केस करत न्हाई. शब्द देतो.”

लिंबाजीनं पोराकडे पाहिलं. मग उठला आणि त्याच्या गालावर मारलं. चापट होती ती.

“अप्पा,” साहेब म्हणाले, “हे तर लाड झाले.”

मागची माणसं मोठ्यानं हसली. प्रल्हादनं बापाकडे बघत मान किंचित हलवली, म्हणजे मारा, आटपा. लिंबाजीनं दुसऱ्यांदा हात उचलला. नांगराचा हात तो. पोरगा खांबावर आदळला आणि खाली बसला. कानातून रक्त आलं, बारीक धार, पांढऱ्या सदऱ्यावर. लिंबाजी तिसऱ्यांदा हात उचलत होता. तो थांबतच नव्हता. तेव्हा नरसिंगराव उठून म्हणाले, बास अप्पा, बास, पोरगं हाय तुमचं.

शब्द त्यांनी पाळला. केस केली नाही. पुढच्या महिन्यात इंजिनाचे भाग बसवकल्याणला सापडले. शेतकऱ्याच्या पुतण्यानं विकले होते. ते घरातलं प्रकरण म्हणून मिटलं. मी साहेबांना म्हटलं, म्हणजे पोरगा निर्दोष होता. ते म्हणाले, “म्हणूनच तर मी केस केली न्हाई. केली असती तर केवढा अन्याय झाला असता.”

रेल्वेच्या डॉक्टरनं प्रल्हादला नापास केलं. डाव्या कानाचा पडदा फाटला होता.

प्रल्हाद स्वभावानं तापट नव्हता, पण सोडणारा नव्हता. हुमनाबादच्या एका वकिलाला धरून त्यानं थेट सरकारकडे तक्रार केली. नरसिंगरावांच्या बढतीची ती वेळ होती. बंगळूरहून एक अधिकारी चौकशीला आला. त्याला कन्नड आणि इंग्रजी येत होतं, मराठी येत नव्हतं. म्हणून उलथा, म्हणजे भाषांतर, करायला मला बसवलं. जागा बसवकल्याणचा डाक बंगला.

गावातले चार साक्षीदार आले. चौघांनी एकच सांगितलं: बापानं मारलं, आम्ही बघितलं. साहेब काय बोलले? ते हळू बोलतात, ऐकू आलं न्हाई. हेही खरंच होतं. आता सगळं लिंबाजीवर होतं. त्यानं एवढं म्हटलं असतं की साहेबांनी सांगितलं म्हणून मारलं, तर माझीही जबानी झाली असती, आणि मी ऐकलेलं मला सांगावं लागलं असतं. प्रल्हाद भिंतीपाशी उजवा कान बापाकडे करून बसला होता. नरसिंगराव बाहेर व्हरांड्यात पाठीमागे हात बांधून फेऱ्या घालत होते. त्यांनी लिंबाजीला धमकी दिली नव्हती, निरोपही पाठवला नव्हता. तशी शंका मलाही होती, म्हणून मी नंतर दोन-तीन ठिकाणी विचारून खात्री केली. त्यांना गरज वाटली नव्हती.

अधिकाऱ्यानं विचारलं, मी मराठीत विचारलं: मुलाला कुणी मारलं?

“मी.”

कुणाच्या सांगण्यावरून?

लिंबाजी पोराकडे न बघता म्हणाला, “कुणाच्या न्हाई. माझं पोरगं, मला राग आला, मी मारलं. साहेबांनी मला खुर्ची दिली. हात लावला न्हाई.”

मी ते कन्नडात सांगितलं. शब्दाला शब्द. अधिकाऱ्यानं पेनाला टोपण लावलं.

बाहेर पायऱ्यांवर बाप-लेक समोरासमोर आले. मी मागे कागद आवरत होतो, दार उघडं होतं.

“कामून?” प्रल्हादनं विचारलं. एवढंच.

“दुसऱ्याच्या सांगण्यावरनं लेकराला मारलं म्हणलं तर मी कुत्रं झालो रे,” लिंबाजी म्हणाला. “माझ्या रागानं मारलं म्हणलं तर बाप तरी ऱ्हातो.”

प्रल्हादनं ते ऐकून घेतलं. “तुमी बाप ऱ्हायलाव,” तो म्हणाला. “मी काय ऱ्हायलो?”

तो तसाच चालत हमरस्त्याकडे गेला. पुढे कळलं की तो गुलबर्ग्याला गेला, डाळीच्या गिरणीत हमाली करायला लागला. राजेश्वरला परत आला नाही. आईच्या मातीलाही आला नाही, असं ऐकलं.

नरसिंगराव डीवायएसपी झाले, नंतर एस.पी. नवीन सब-इन्स्पेक्टरांना ते राजेश्वरचं उदाहरण देत. त्यांच्या घरी मी सणासुदीला जात असे. तिथेही तीच रीत होती. मुलगा नापास झाला तेव्हा त्यांनी त्याला काही म्हटलं नाही. बायकोला म्हणाले, आज ह्याला तू वाढू नको. ती माउली ताटाशी पदर तोंडात धरून उभी होती आणि साहेब शांतपणे जेवत होते, आमटी कमी तिखट झाल्याचं सांगत होते.

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं त्याच्या आसपास ते निवृत्त झाले. त्या आधीचे काही आठवडे कचेरीत कुणकुण होती की प्रल्हादनं पुन्हा अर्ज दिला आहे. जुनी चौकशी उघडायची तर नवी साक्ष हवी, आणि आपली जुनी जबानी फिरवू शकणारा माणूस एकच होता, लिंबाजी. चौकशी उघडली असती तर पेन्शन अडकलं असतं. साहेब ह्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. फक्त निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी म्हणाले, राजेश्वरला जीप पाठवा, लिंबाजीअप्पांना मानानं घेऊन या.

मला वाटलं होतं, म्हातारा येणार नाही. आला. केस पिकले होते. मांडवाबाहेर मी त्याला पाणी दिलं तेव्हा तो माझ्या कानाशी म्हणाला, “मी सत्काराला न्हाई आलो कारकूनसाहेब. जीप गुलबर्ग्याला यायली म्हणून बसलो. माझ्या पोराचं, पल्याचं घर तुमाला ठाऊक हाय म्हनं. त्याला सांगायचंय, की मी आता जे हाय ते लिहून देतो. कुत्रं तर कुत्रं. मरायच्या आदी एकदा त्यानं घरात घ्यावं.”

समारंभ रीतीप्रमाणे झाला. हार, भाषणं, बंदोबस्ताच्या शिपायांना पेढे. शेवटी साहेबांनी लिंबाजीला मंचावर बोलावलं. माईकपुढेही ते हळूच बोलले. म्हणाले, माझ्या नोकरीवर एकदा बालंट आलं तेव्हा ह्या माणसानं खरं सांगितलं, म्हणून आज मी इथं उभा आहे. त्यांनी स्वतःच्या गळ्यातली भारी शाल काढून त्याच्या खांद्यांवर घातली. टाळ्या पडल्या. लिंबाजी दोन्ही हात जोडून कुणाकडेच न बघता उभा होता.

मी साहेबांना विचारलं, म्हाताऱ्याला मुलाकडे नेऊन आणू का. ते लगेच म्हणाले, “न्या की. माझीच जीप घेऊन जावा, बत्तीवाली. इतक्या लांबनं आलेत, पोराला भेटल्याबिगर कसे जातील?” मग लिंबाजीच्या खांद्यावरची शाल नीट करत म्हणाले, “अप्पा, ही काढू नका हं. थंडी बाधंल.”

गिरणीमागच्या वस्तीत पत्र्याच्या खोल्या. तुरीच्या डाळीचा पिवळा धुरळा सगळ्यावर बसलेला. पोलिसांची जीप आत शिरली तशी माणसं दारांतून मागे सरली. प्रल्हाद कामावरून नुकताच आला असावा. उंबऱ्यात बसून पाय धूत होता. त्यानं आधी जीप पाहिली. मग जीपमधून उतरणारा बाप पाहिला. मग शाल.

लिंबाजी घाईनं पुढे झाला, एक हात पुढे करून. “पल्या, ऐक, मी आता…”

“सत्कार झाला व्हय?” प्रल्हाद म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तांब्या उचलून तो आत गेला आणि दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

लिंबाजी दाराशी उभा राहून बोलत राहिला. लिहून देतो म्हणाला, अंगठा न्हाई, सही करतो म्हणाला, तूच शिकवली होतीस सही. गिरणी सुरू होती. आत काही ऐकू जात असेल असं मला वाटत नाही. मीही हाका मारल्या. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून आला. शेजारची एक बाई शेवटी म्हणाली, काका, घिऊन जावा त्यांना, त्यो उगडत न्हाई.

परत आलो तेव्हा दिवस मावळत होता. साहेब बंगल्याच्या ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसले होते. वर्दी उतरवलेली, धोतर आणि बंडी. वर्दीशिवाय मी त्यांना क्वचित पाहिलं होतं. ते एखाद्या निवृत्त शाळामास्तरासारखे दिसत होते. लिंबाजी जीपमधून उतरला नाही, तसाच बसून राहिला. मी एकटाच पायऱ्या चढलो.

“भेट झाली?” त्यांनी विचारलं.

“झाली.”

“बोलणं?”

“न्हाई झालं.”

मग तितक्याच हळू आवाजात, मला मान पुढे करायला लावून, विचारलं, “शाल अंगावर होती ना?”

“होती,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, आणि आत वळून बायकोला म्हणाले, “पान वाढ. लिंबाजीअप्पा लांबनं आलेत.”